'ईनिड' मूळ लॅटिनमधून वाचताना: वृत्त, अन्वय, आवृत्त्या आणि नेहमीचे अडथळे

अन्वयार्थी

लॅटिनचे पायाभूत व्याकरण पुरे केलेले बरेच जण रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यापाशी येऊन थांबतात. सीझरचे गद्य जमते, पण पद्य उघडले की दहा ओळींत दम लागतो. त्यांच्यासाठी हा धागा. इथे इंग्रजी भाषांतराबद्दल नको, मूळ संहितेबद्दल लिहू या.

आधी आवाका. बारा सर्ग, ९,८९६ ओळी. सगळ्यात लहान चौथा (७०५), सगळ्यात मोठा बारावा (९५२). रोज २० ओळी धरल्या तर सुमारे साडेसोळा महिने. पहिल्या वाचनाला एवढे ओझे कशाला? दुसरा (८०४), चौथा आणि सहावा (९०१) हे तीन सर्ग मिळून २,४१० ओळी होतात. रोज १५ ओळींनी साडेपाच महिन्यांत हातावेगळे होतात आणि काव्याचा गाभा त्यांत येतो.

सुरुवात दुसऱ्या सर्गाने करावी असे माझे मत आहे. पहिल्या सर्गाच्या पहिल्या ३३ ओळींत जूनोचा राग, कार्थेज, पॅरिसचा निवाडा, गॅनिमीड असे संदर्भ एकावर एक येतात. दुसऱ्यात मात्र ट्रॉयच्या पाडावाची एकच सलग कथा आहे. पुढे काय होणार हे साधारण माहीत असल्यामुळे लक्ष भाषेकडे राहते. लाओकोऑन आणि साप (२.१९९–२२७, म्हणजे सर्ग २, ओळी १९९ ते २२७) किंवा ट्रॉयचा राजा प्रायम याचा वध (२.५०६–५५८) हे पहिल्या महिन्यासाठी उत्तम तुकडे आहेत.

तिसरा आणि पाचवा पहिल्या फेरीत सोडला तरी चालेल. तिसऱ्यात स्थळनामांची रांग आहे, आणि पाचव्यातल्या नौकाशर्यतीला गलबताच्या भागांचे शब्द लागतात.

चतुष्कल

चांगला विषय. वृत्तापासून सुरू करतो, कारण ते टाळणाऱ्याचे व्याकरणही चुकते. 'अ'कारान्त स्त्रीलिंगी नामाचे प्रथमेचे रूप ऱ्हस्व 'अ'ने संपते आणि ॲब्लेटिव्हचे (आपल्या तृतीया-पंचमी-सप्तमीची कामे करणाऱ्या विभक्तीचे) दीर्घ 'आ'ने. छापील संहितेत दोन्ही सारखीच दिसतात. कोणते कोणते, हे पुष्कळदा वृत्तच सांगते.

डॅक्टिलिक हेक्झामीटर आपल्याला परका वाटायचे कारण नाही. आपले लघु-गुरू इथे जसेच्या तसे आहेत. आर्येत चतुर्मात्रिक गणाचे पाच प्रकार चालतात, इथे दोनच: गुरू-लघू-लघू (म्हणजे आपला भ गण, त्यांचा डॅक्टिल) आणि गुरू-गुरू (स्पॉन्डी). असे सहा गण, एकूण २४ मात्रा. शेवटचे अक्षर काहीही असो, गुरूच धरायचे. प्रत्येक गण गुरूनेच सुरू होतो. पाचवा गण जवळजवळ नेहमी भ गण असतो. अक्षरे साधारण १३ ते १७.

मांडणी करताना डावीकडून सुरू करू नका. आधी स्वरलोप (पुढच्या स्वरामुळे गळणारे शब्दान्तीचे स्वर) खुणवा. मग ओळीच्या शेवटची पाच अक्षरे गुरू-लघू-लघू-गुरू-गुरू अशी बसतात का ते पाहा. बहुतेक वेळा बसतात. आता उरलेल्या चार गणांना १६ मात्रा आहेत, तिथे संयोगाने गुरू झालेली अक्षरे आधी, मग जोडस्वर, मग शंकास्पद स्वर. दोनतीन आठवड्यांत हे डोळ्यांनी होऊ लागते.

देवनागरीत लिहून घेतले तर फार सोपे जाते, फक्त ऱ्हस्व ए-ओ साठी खूण हवी. दक्षिणी भाषांसाठी देवनागरीत ऱ्हस्व ऎकार-ऒकार (ॆ, ॊ) आहेत, ते वापरावेत. पहिली ओळ अशी होते:

अर्म विरुम्क्वॆ कनो त्रोयै क्वी प्रीमुस् अब् ओरीस्

गण: अर्-म-वि / रुम्-क्वॆ-क / नो-त्रो / यै-क्वी / प्री-मुस्-अ / बो-रीस्. 'कनो'नंतर यती. 'अब्' मधला ब् पुढच्या ओ ला जाऊन मिळतो म्हणून 'अ' लघू राहिला आणि 'मुस्' मधला स् पुढच्या 'अ'ला मिळाला म्हणून 'मु'ही लघू, हे लक्षात घ्या. 'अर्म' मधला शेवटचा 'अ' संस्कृतसारखा पूर्ण उच्चारायचा.

शब्दवेडी

चतुष्कल, एक शंका. 'विरुम्क्वॆ'मध्ये 'क्व' हे जोडाक्षर आहे. मग 'नॆक्वॆ' (आणि नाही) या शब्दात पहिले अक्षर गुरू का होत नाही?

चतुष्कल

देवनागरीत लिहिणाऱ्याला हा सापळा नेमका लागतो. लॅटिनमध्ये 'क्व' हे एकच व्यंजन मोजतात. त्यामुळे 'नॆक्वॆ' दोन लघू. उलट 'क्स' आणि 'ज़' दोन व्यंजनांचे काम करतात. 'ह'ला व्यंजनाचे वजन नाही, त्याच्यामुळे आधीचे अक्षर गुरू होत नाही आणि स्वरलोपही अडत नाही. ग्रीक शब्दांतले ख, थ, फ आपल्याप्रमाणेच एकेक व्यंजन.

आणखी एक: क, ग, त, द, प, ब यांना र किंवा ल जोडला असेल तर आधीचा ऱ्हस्व स्वर लघू ठेवायचा की गुरू करायचा हे कवीच्या हाती. आपल्याकडे 'पुन्हा', 'तुझ्या' मधले पहिले अक्षर जोडाक्षरापूर्वी असूनही लघू राहते, त्याच जातीची ही सूट. आठव्या सर्गात ५९६व्या ओळीत दोन्ही प्रकार शेजारी आहेत:

क्वद्रिपॆदन्तॆ पुत्रॆम् सॊनितू क्वतित् उङ्गुल कम्पुम्

'क्वद्रि' मधले 'क्व' द्र मुळे गुरू, पण 'पुत्रॆम्' मधला 'पु' त्र असूनही लघू. पहिले पाचही गण भ गण, घोड्यांच्या टापा. याच सर्गात ८.४५२ वाचा, सायक्लॉप्स घण उचलतात तिथे पहिले चारही गण गुरू-गुरू आहेत. दोन्ही ओळी पाठोपाठ मोठ्याने म्हटल्या की गणांची निवड कशासाठी हे कानाला कळते.

संथवाचक

स्वरलोपावर थोडे. शब्दान्ती स्वर किंवा स्वर+म् आणि पुढे स्वर (किंवा ह) आला की आधीचा स्वर गळतो. संस्कृतात 'सोऽहम्' म्हणताना पुढचा 'अ' जातो, इथे मागचा जातो. अपवाद 'ऎस्त्' (आहे): तिथे अवग्रहासारखा पुढचा स्वर जातो.

१.३ पाहा: लीतॊर मुल्तुम् इल्लॆ ऎत् तॆर्रीस् यक्तातुस् ऎत् अल्तो. म्हणताना 'मुल्तिल्लॆत्तॆर्रीस्'. दोन लोप ओळखले नाहीत तर दोन अक्षरे जास्त होतात आणि ओळ बसत नाही. मांडणी फसली तर दहांतल्या सात-आठ वेळा कारण हेच निघते, म्हणून सगळ्यात आधी तेच तपासा. लोपाचा अतिरेक ऐकायचा असेल तर ३.६५८, एकाक्ष राक्षस पॉलिफीमस दिसतो ती ओळ: तीन लोप, शब्द एकमेकांत रुतलेले.

मांडणी फसण्याची आणखी दोन कारणे. 'इतलिअम्' मधला 'इ' मुळात ऱ्हस्व, पण सलग लघूंमुळे शब्द वृत्तात बसणार नाही म्हणून व्हर्जिल तो दीर्घ करतो (१.२). आणि क्वचित पाचवा गणही गुरू-गुरू असतो, उदा. २.६८, कपटी ग्रीक सीनोन चारी बाजूंनी ट्रोजनांच्या रांगा न्याहाळतो तिथे. तेव्हा पाचवा बसला नाही म्हणून लगेच ओळ खोडू नका.

पठण करताना वृत्ताचा ठेका ठोकून म्हणू नये. शब्दाचा स्वतःचा आघात असतो: उपान्त्य अक्षर गुरू तर त्यावर, नाहीतर त्याच्या आधीच्यावर. दोन अक्षरी शब्दात पहिल्यावर. ओळीच्या पहिल्या भागात हा आघात आणि गणाचा प्रारंभ पुष्कळदा जुळत नाहीत, शेवटच्या दोन गणांत जुळतात. ओळीतला ताण तिथून येतो. ठेका धरून म्हटले तर तो पुसला जातो.

तिसवाडी

गोव्यात चर्चच्या परंपरेतून लॅटिन शिकलेल्यांसाठी एक सूचना. चर्चच्या उच्चारात ए-इ पूर्वीचा 'क' हा 'च' होतो, 'ऐ' चा 'ए' होतो. व्हर्जिलसाठी जुना, पुनर्रचित उच्चार घ्यावा: 'क' सर्वत्र क, 'व' ओठ गोल करून. चर्चच्या उच्चाराने अर्थ बिघडत नाही. पण त्यात दीर्घ-ऱ्हस्व भेद साधारणपणे पाळत नाहीत आणि हे वृत्त त्या भेदावरच उभे आहे. स्तोत्रे एका उच्चाराने आणि व्हर्जिल दुसऱ्याने म्हणणे सरावाने जमते.

अन्वयार्थी

आता अर्थाकडे. ज्यांनी शाळा-कॉलेजात संस्कृत केले आहे त्यांच्या हाती मोठे साधन आहे: पदच्छेद आणि अन्वय. क्रियापद शोधा, कर्ता शोधा, मग प्रत्येक विशेषणाचे लिंग-वचन-विभक्तीने विशेष्य शोधा. वहीत जोडीला एकच आकडा द्या. पहिल्या ओळीत 'त्रोयै' (ट्रॉयच्या) षष्ठी, ती चार शब्द पलीकडच्या 'ओरीस्'ला (किनाऱ्यांवरून) जाते. दुसऱ्या ओळीतले लाविनियमचे विशेषण तिसऱ्या ओळीतल्या 'लीतॊर'ला (किनारे). 'इतलिअम्' द्वितीया आणि अव्यय नाही, कारण पद्यात गतीचे स्थान थेट द्वितीयेत येते, 'ग्रामं गच्छति' प्रमाणे.

ॲब्लेटिव्हपाशी मात्र थांबावे लागते. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिन्हींची कामे ती एक विभक्ती करते. पद्यात अव्यये गाळतात, त्यामुळे प्रत्येक वेळी 'ने, हून की त?' हे विचारावे. 'सति सप्तमी' माहीत असेल तर ॲब्लेटिव्ह ॲब्सोल्यूट आयते समजते. २.१४ पाहा:

दुक्तोरेस् दनउम् तॊत् यम् लाबॆन्तिबुस् अन्नीस्

'तॊत् यम् लाबॆन्तिबुस् अन्नीस्' म्हणजे एव्हाना इतकी वर्षे सरत असता. याच ओळीत आणखी एक खाच: 'दनउम्' हे द्वितीयेचे एकवचन दिसते, आहे षष्ठीचे बहुवचन, दनाईंचे (ग्रीकांचे) सेनानी.

संथवाचक

अन्वयार्थी, इथे माझा विरोध नोंदवतो. पहिल्याच वाचनाला अन्वय लावला की व्हर्जिलची ओळ उरत नाही, एक सुटवलेले कोडे उरते. २.३ घ्या, कार्थेजची राणी डिडो हिच्या विनंतीला काव्याचा नायक ईनियसचे उत्तर:

ईन्फन्दुम् रेगीन युबेस् रॆनॊवारॆ दॊलोरॆम्

क्रमाने अर्थ असा येतो: न बोलवेल असे — राणी — तू सांगतेस — पुन्हा जागे करायला — दुःख. विशेषण ओळीच्या पहिल्या टोकाला, विशेष्य शेवटच्या टोकाला. ओळभर ऐकणारा 'न बोलवेल असे काय?' म्हणून थांबलेला असतो. अन्वय लावून 'हे राणी, तू अकथनीय दुःख जागवायला सांगतेस' केले की ते थांबणेच गेले. रोमन श्रोता अन्वय करत नव्हता.

पद्धत अशी असावी: ओळ मोठ्याने म्हणा. प्रत्येक शब्दाशी थांबून त्याची विभक्ती काय अपेक्षा निर्माण करते ते ठरवा. 'ईन्फन्दुम्' द्वितीया, म्हणजे कर्म येणार किंवा नपुंसक कर्ता येणार. अपेक्षा पुरी होईपर्यंत शब्द मनात उघडा ठेवा. वाक्य पुरे झाल्यावरच मागे वळा.

अन्वयार्थी

मुद्दा पटतो, आणि २.३ चे उदाहरण बिनतोड आहे. पण पहिल्या दोनशे ओळींत नवशिक्याजवळ अपेक्षा धरायला पुरेशी रूपेच ओळखीची नसतात. दहा शब्दांतले चार अनोळखी असताना 'उघडे ठेवणे' म्हणजे अंदाज बांधणे, आणि अंदाज बहुधा चुकीच्या जोडीकडे नेतो. क्रम असा सुचवतो: एकदा म्हणणे, तुमच्या पद्धतीने एक फेरी, अडले तेवढ्याच वाक्याला अन्वय, आणि मग न चुकता पुन्हा मूळ क्रमाने म्हणणे. अन्वय वहीच्या उजव्या पानावर राहू दे, संहितेवर लिहू नये. शेवटची पायरी गाळली की तुम्ही म्हणता ते नुकसान होते.

चतुष्कल

या क्रमाला अनुमोदन. फक्त शेवटची फेरी दुसऱ्या दिवशी करावी, नवीन ओळींच्या आधी. कालच्या १५ ओळी शब्दकोशाशिवाय क्रमाने कळल्या तरच पुढे जावे, नाहीतर त्याच ओळी पुन्हा.

शब्दवेडी

कोशात न सापडणाऱ्या रूपांची यादी कुणी देईल का?

अन्वयार्थी

सगळी नाही, वारंवार येणारी:

भूतकाळाच्या तृतीयपुरुषी बहुवचनात '-एरुन्त्' ऐवजी '-एरॆ'. दुसऱ्या सर्गाचा पहिलाच शब्द 'कॊन्तिकुएरॆ' (सगळे गप्प झाले) असा आहे. तो हेत्वर्थासारखा दिसतो म्हणून पुष्कळांचे वाक्य पहिल्याच पावलाला तुटते.

द्वितीयेच्या बहुवचनात '-एस्' ऐवजी '-ईस्'. षष्ठीसारखी किंवा ॲब्लेटिव्हसारखी दिसली तरी फसू नये.

'इल्ली' ऐवजी जुने 'ऒल्ली'. षष्ठी बहुवचन '-ओरुम्' ऐवजी '-उम्', वर आलेच. ग्रीक नावांना ग्रीक द्वितीया: 'ऐनेआन्', 'हॆक्तॊर'. चौथ्या सर्गात ४९३व्या ओळीत '-इऎर्' हा कर्मणी हेत्वर्थाचा जुना प्रत्यय.

शिवाय शरीराच्या भागाची द्वितीया. २.२१० मध्ये सापांचे 'डोळे' द्वितीयेत आहेत आणि कर्म शोधत बसलो तर सापडत नाही. 'डोळ्यांच्या बाबतीत रक्ताने भरलेले' असे घ्यायचे.

तिसवाडी

नावांचीही यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी. ट्रोजनांना तॆउक्री, दर्दनिदै, फ्रुगॆस्, ऐनेअदै. ग्रीकांना दनाई, अर्गीवी, पॆलस्गी, अखीवी. व्हीनस 'कुथॆरेअ', जूनो 'सातुर्निअ', मर्क्युरी 'कुल्लेनिउस्' म्हणून येतो. एकाच पानावर तिघे नवे लोक आले असे वाटते आणि असतो एकच.

सगळ्यात घातक नाव 'पल्लस्'. मिनर्व्हा देवी पल्लस् (षष्ठी पल्लदिस्), आणि ईनियसचा मित्र राजा इव्हँडर याचा मुलगा पल्लास् (षष्ठी पल्लन्तिस्). प्रथमेत फरक फक्त 'अ'च्या लांबीचा. शेवटच्या प्रसंगात (१२.९४८) ईनियस ज्याचे नाव दोनदा घेतो तो मुलगा आहे. हे चुकले तर अख्ख्या काव्याचा शेवट चुकतो.

अन्वयार्थी

आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या सहा सर्गांसाठी फार यांची १९३० ची आवृत्ती: त्याच पानावर शब्दार्थ, स्वरांवर दीर्घखुणा. पुढच्या टप्प्याला आर. डी. विल्यम्स यांचे दोन खंडांतले भाष्य. मायनर्स यांची ऑक्सफर्ड संहिता (१९६९) प्रमाण म्हणून उत्तम, पण तीत अर्थही नाहीत आणि दीर्घखुणाही नाहीत, पहिल्या वाचनाला घेऊ नये. संगणकावर पर्सियस या संकेतस्थळावर शब्दावर टिचकी मारली की रूपे दिसतात. त्यात एक धोका आहे: शक्य ती सगळी रूपे दाखवली जातात, आणि वाचक पहिले उचलतो. आधी स्वतः रूप ठरवून मग पडताळावे.

व्याकरण आणि व्हर्जिल यांच्यामध्ये पूल हवा असेल तर ऑर्बर्ग यांच्या पाठ्यमालेच्या दुसऱ्या भागातली ३७ ते ४० ही प्रकरणे वाचावीत, त्यांत ट्रॉयच्या पाडावापासून डिडोपर्यंतची कथा गद्यात आहे.

भाषांतर वापरावे, पण सर्गाच्या आधी एकदाच, सलग. ओळीशेजारी ओळ ठेवून वाचले की डोळा लॅटिनवरून सरकतो आणि जीभ मुकी राहते.

संथवाचक

त्याच वेळी होमरचे तीन तुकडे वाचून ठेवावेत, कोणत्याही भाषेत: ओडिसीचा अकरावा सर्ग (मृतांची भेट, ईनिडच्या सहाव्यासाठी), इलियडचा अठरावा (ढालीचे वर्णन, आठव्यासाठी), आणि इलियडचे २२ व २४. बावीसमध्ये अकिलीस हेक्टरला मारतो, चोवीसमध्ये प्रायमला त्याचे प्रेत परत देतो. ईनिडमध्ये ईनियसचा शत्रू टर्नस शरण येऊन वृद्ध बापाची आठवण देतो, ईनियसचा हात क्षणभर थांबतो, आणि मग टर्नसच्या खांद्यावर पल्लासचा पट्टा दिसतो. चोवीसव्यातली करुणा वाचकाला अपेक्षित असताना व्हर्जिल ती नाकारतो. काव्य तिथेच तोडले आहे, समेट नाही, अंत्यविधी नाही. आणि शेवटची ओळ (१२.९५२) ही अक्षरशः टर्नसच्या बाजूची योद्धी कमिला हिच्या मृत्यूची ओळ आहे (११.८३१). मोठ्याने वाचत आलेल्याला ती ऐकल्यासारखी वाटतेच.

इतिहासातले चार संदर्भ पुरतात: अॅक्टियमची लढाई इ.स.पू. ३१ (ढालीच्या मध्यभागी, ८.६७५ पासून), ऑगस्टसचा भाचा मार्सेलस याचा मृत्यू इ.स.पू. २३ (६.८६० पासून), कार्थेजचा विनाश इ.स.पू. १४६, आणि कार्थेजचा सेनापती हॅनिबल. डिडोच्या शापात (४.६२५) जो 'सूड घेणारा कुणी' आहे, त्याच्या जागी रोमन वाचकाला हॅनिबलच दिसणार.

शब्दवेडी

काही ओळी मध्येच संपतात, त्या छपाईची चूक समजायच्या का? ४.३६१ ला 'इतलिअम् नोन् स्पॊन्तॆ सॆक्वॊर्' (इटलीकडे मी स्वेच्छेने जात नाही) एवढेच आहे.

चतुष्कल

चूक नाही. अशा अर्ध्या ओळी सुमारे ५८ आहेत. व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये ब्रुन्डिसियमला वारला तेव्हा काव्य पुरे झाले नव्हते. त्याचे मित्र वारियुस आणि तुक्का यांनी ते प्रसिद्ध केले आणि ओळी भरल्या नाहीत. दोनातुसने लिहिलेल्या प्राचीन चरित्रानुसार व्हर्जिलने आधी गद्यात बारा सर्गांचा आराखडा केला आणि मग सुचेल तो भाग घेऊन पद्यात आणला. काम अडू नये म्हणून तात्पुरते टेकू लावत गेला.

मांडणी करताना जेवढे गण आहेत तेवढेच मोजा, २४ मात्रा भरायला जाऊ नका. पठणात ओळ जिथे तुटते तिथे पूर्ण थांबा, पुढची ओळ लगेच उचलू नका. या ओळींचा अर्थ सहसा पुरा असतो, ४.३६१ चा तर इतका पुरा आहे की पुढे काही घालावेसे वाटत नाही. अपवाद एकच, ३.३४०: अँड्रोमकी ईनियसला मुलाबद्दल विचारत असते आणि वाक्य संबंधी सर्वनामानंतर क्रियापदाशिवाय सुटते. तिथे भाष्यकारांनी सुचवलेले शब्द वहीत समासात लिहा, भाषांतरात मात्र टिंबेच द्या.

दुसऱ्या सर्गातल्या ५६७–५८८ या ओळींवरही खूण करून ठेवा. हेलन दिसल्यावर ईनियसला तिला मारावेसे वाटते, तो भाग. जुन्या मुख्य हस्तलिखितांत तो नाही, प्राचीन भाष्यकार सर्वियुसच्या भाष्यामुळे टिकला. व्हर्जिलचाच की नाही यावर अजून एकमत नाही. पहिल्या वाचनात ५६६ वरून थेट ५८९ वर उडी मारून पाहा, मग त्या २२ ओळींसह वाचा, आणि ५८९ चा सांधा कुठे बसतो ते स्वतः ठरवा.